विश्वनाथांचे वारसदार

मराठी प्रेक्षकांनी के. विश्वनाथ यांच्या गोष्टी पाहिल्या आहेत. त्यांचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कुणाच्या ओठी नसते. 'सरगम'मधला डफलीवाला ऋषी कपूर आणि मुकी नर्तिका झालेली जयाप्रदा आपल्याला आठवते. 'कामचोर'मधला आळशी राकेश रोशन आठवतो, 'ईश्वर'मधला भोळा अनिल कपूर आठवतो. 'संजोग', 'शुभकामना', 'जाग उठा इन्सान', 'सूर संगम' ही नावेही दूरदर्शनवर चित्रपट बघत वाढलेल्या पिढीला अनोळखी नाहीत. हे सगळे चित्रपट एकाच दिग्दर्शकाचे आहेत, आणि या सगळ्या कथा त्याने आधी तेलुगूत पडद्यावर आणलेल्या होत्या. हिंदीत त्या पुन्हा करताना माणसे बदलली, गावे बदलली, गाण्यांचे वळण बदलले. मूळ कलाकृती आंध्रातच राहिल्या. हे पुस्तक त्या मूळ कलाकृतींबद्दल आहे.

काशीनाधुनी विश्वनाथ यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९३० रोजी तेव्हाच्या गुंटूर जिल्ह्यातल्या रेपल्लेजवळच्या पेदपुलिवर्रू गावचा. कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशातला हा भाग. गुंटूरला विज्ञानाची पदवी घेऊन ते मद्रासला गेले आणि वाहिनी स्टुडिओत ध्वनिमुद्रण विभागात नोकरीला लागले. पुढे आदुर्ती सुब्बाराव या मातब्बर दिग्दर्शकाकडे त्यांनी उमेदवारी केली. साठच्या दशकाच्या मध्याला 'आत्मगौरवम' या चित्रपटापासून ते स्वतंत्रपणे दिग्दर्शन करू लागले आणि २०१० च्या 'शुभप्रदम'पर्यंत पन्नासच्या वर चित्रपट त्यांनी केले. १९९२ मध्ये पद्मश्री आणि २०१६ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. २ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादमध्ये त्यांचे निधन झाले. तेलुगू माणूस त्यांना 'कलातपस्वी' म्हणतो.

एवढ्याने माणसाचा परिचय होतो, पण त्याचे काम कळायचे तर त्याच्या मागची परंपरा ठाऊक हवी. तेलुगू सिनेमा रंगभूमीच्या कुशीत वाढला, आणि त्या रंगभूमीच्या जडणघडणीत मराठी मुलखाचा वाटा आहे. १८८० च्या सुमारास धारवाडच्या एका नाटक मंडळीने आंध्रच्या किनारपट्टीवर खेळ केले आणि त्या दौऱ्यातून तिथल्या लेखकांना आधुनिक नाटक लिहिण्याची ओढ लागली. १८८५ मध्ये कडप्पा भागातल्या सुरभी गावी 'कीचकवध' करून जी फिरती नाटक मंडळी उभी राहिली, त्या सुरभी कुटुंबांचे पूर्वजही मराठी मुलखातून तिकडे गेलेले. सुरभीच्या नाटकांत पद्ये गायली जात, एकेका ओळीला प्रेक्षक पुन्हा पुन्हा दाद देत. संगीत नाटकावर पोसलेल्या मराठी कानाला हे नवे नाही. १९३२ मध्ये एच. एम. रेड्डी यांनी 'भक्त प्रल्हाद' हा पहिला तेलुगू बोलपट केला, तो सुरभीच्याच नाटकावरून, आणि त्याचे चित्रीकरण झाले मुंबईत.

तिथून पुढच्या वाटचालीत चार प्रवाह ठळक दिसतात. पहिला पौराणिक आणि लोककथांचा. विजया प्रॉडक्शन्स आणि वाहिनी स्टुडिओ यांच्या आश्रयाने के. व्ही. रेड्डी यांनी 'पाताळभैरवी' (१९५१) आणि 'मायाबझार' (१९५७) केले. 'मायाबझार'ची पकड तेलुगू घरांवर आजही आहे. दुसरा प्रवाह सामाजिक चित्रपटांचा. गुडवल्ली रामब्रह्मम यांचा 'मालपिल्ला' (१९३८) हा अस्पृश्यतेवर बोलला, त्यांचा 'रैतुबिड्डा' (१९३९) जमीनदारीवर. बी. एन. रेड्डी यांनी 'वंदे मातरम' (१९३९) पासून 'मल्लीश्वरी' (१९५१) पर्यंत या प्रवाहाला सौंदर्यदृष्टी दिली. फाळके पुरस्कार मिळालेले ते दक्षिणेतले पहिले दिग्दर्शक. तिसरा प्रवाह नायककेंद्री, गर्दी खेचणाऱ्या चित्रपटांचा. के. राघवेंद्र राव यांचा 'अडवी रामुडु' (१९७७) आला आणि या प्रवाहाला पूर आला. चौथा प्रवाह बारीक, पण टोकदार. मृणाल सेन यांनी तेलुगूत 'ओक ऊरी कथा' (१९७७) केला, श्याम बेनेगल यांनी 'अनुग्रहम' (१९७८), गौतम घोष यांनी तेलंगणाच्या शेतकरी उठावावर 'मा भूमी' (१९७९), आणि बी. नरसिंग राव यांनी 'दासी' (१९८८).

विश्वनाथ या चारही प्रवाहांच्या मधल्या जागेत उभे राहिले, आणि तिथे ते एकटे नव्हते. चित्रकार-दिग्दर्शक बापू आणि लेखक मुळ्ळपूडी वेंकटरमणा ही जोडी 'मुत्याल मुग्गु' (१९७५) सारखे चित्रपट करत होती. विश्वनाथांचे संवाद लिहिणारे जंध्याला पुढे स्वतः दिग्दर्शक झाले आणि त्यांनी निर्मळ विनोदाची एक परंपराच उभी केली. या मंडळींना तिकीटबारी हवी होती, पण तिच्यासाठी भाषा, संगीत आणि माणसाची प्रतिष्ठा गहाण टाकायची नव्हती. बाजाराच्या आत राहून बाजाराची रुची घडवायची, हा त्यांचा खटाटोप होता. विश्वनाथांनी तो सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत सातत्याने केला.

त्यांच्या कारकिर्दीचे टप्पे साधारण असे पडतात. पहिली दहा वर्षे कौटुंबिक चित्रपटांची. 'चेल्लेली कापुरम' (१९७१), 'शारदा' (१९७३), 'ओ सीता कथा' (१९७४), 'जीवनज्योती' (१९७५) या चित्रपटांत स्त्रीच्या दुःखाभोवती फिरणाऱ्या, त्या काळाला रुचणाऱ्या कथा आहेत. पण पात्रांना श्वास घ्यायला जागा देणारा, प्रसंग ओरडून न सांगणारा लेखक त्यांत दिसू लागतो. १९७६ च्या 'सिरि सिरि मुव्वा'ने वळण घेतले. मुकी मुलगी नाचते आणि तिच्यावर जीव लावणारा साधा तरुण तिच्यासाठी वाद्य वाजवतो. या गोष्टीत कला प्रथमच कथेचा कणा झाली. तिथून 'स्वाती किरणम' (१९९२) पर्यंतची सोळा-सतरा वर्षे हा त्यांचा वैभवकाळ. नंतरच्या काळात त्यांनी मोजके चित्रपट केले. 'शुभसंकल्पम' (१९९५) पासून ते स्वतःही पडद्यावर आले आणि पुढे अनेक चित्रपटांत घरातल्या ज्येष्ठाच्या भूमिकेत नव्या पिढीला परिचित झाले. 'स्वराभिषेकम' (२००४) ला सर्वोत्कृष्ट तेलुगू चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या सगळ्याच्या मध्यभागी 'शंकराभरणम' उभा आहे. २ फेब्रुवारी १९८० रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्यात यशाची एकही खूण नव्हती. नायक पन्नाशी उलटलेला, आणि ती भूमिका करणारे जे. व्ही. सोमयाजुलू हे सरकारी अधिकारी, रंगभूमीवरचे नट. नायिका मंजू भार्गवी तोवर किरकोळ नृत्यभूमिकांत दिसलेली. प्रेमकथा म्हणावी तर नायक-नायिका एकमेकांना स्पर्शही करत नाहीत. गाणी शास्त्रीय. निर्माते एडिद नागेश्वर राव यांना वितरक मिळवताना दमछाक झाली. तरीही चित्रपट चालला, आणि आंध्रातच नव्हे, तर तामिळनाडू, कर्नाटक आणि केरळातही मूळ तेलुगू गाण्यांसह चालला. त्याला संपूर्ण मनोरंजन देणाऱ्या लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संगीतकार के. व्ही. महादेवन, गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि गायिका वाणी जयराम यांनाही त्याच चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

असे का झाले, याचे एक कारण भाषेत आहे. कर्नाटक संगीताची मैफल गेली दोनशे वर्षे तंजावर आणि मद्रासच्या परिसरात फुलली, पण त्या संगीताचा मोठा भाग तेलुगूत आहे. त्यागराज तिरुवैयारूला राहिले आणि तेलुगूत रचना करत राहिले. भद्राचलचे रामदास तर गोदाकाठचेच. म्हणजे तेलुगू प्रेक्षकाच्या मातृभाषेतले हे वैभव त्याच्यापासून दूर, दुसऱ्या शहरातल्या सभागृहांत प्रतिष्ठित झालेले होते. विश्वनाथांनी ते उचलून तालुक्याच्या गावातल्या तंबू थिएटरात आणून ठेवले. शास्त्रीय संगीत सामान्य माणसाला कळत नाही, या व्यापारी समजुतीला हे एक सणसणीत उत्तर होते.

दुसरे कारण विश्वनाथांच्या पहिल्या नोकरीत सापडते. ध्वनिमुद्रण विभागात घडलेला हा दिग्दर्शक कानाने विचार करतो. त्याच्या चित्रपटांत गाणे येते तेव्हा कथा थांबत नाही. बहुतेक वेळा कथेचा निर्णायक प्रसंग गाण्याच्या आतच घडतो. 'सागर संगमम' (१९८३) मध्ये कमल हासनचा बालू वृत्तपत्राच्या कचेरीत उभा राहून एकच ओळ भरतनाट्यम, कथक आणि कथकलीच्या अंगाने करून दाखवतो. दारूत बुडालेला हा समीक्षक एके काळी काय होता, हे संवादाची एक ओळही खर्च न करता तिथे कळते. 'शंकराभरणम'च्या शेवटी मैफलीत नायक शंकरशास्त्रींचा आवाज साथ सोडतो आणि खाली बसलेला मुलगा ती जागा उचलतो. वारसा दिल्याचे भाषण तिथे नाही. एका गळ्याने सोडलेला सूर दुसऱ्या गळ्याने घेतला, एवढेच घडते आणि तेवढे पुरते. सेटवर हा दिग्दर्शक खाकी कपडे घालून वावरत असे, तंत्रज्ञ आणि कामगारांसारखाच. आपण मूळचे त्यांच्यातले आहोत ही जाणीव त्यांनी शेवटपर्यंत टिकवली.

पटकथाकार म्हणून त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. कथा आणि पटकथा ते स्वतः रचत. संवाद मात्र बहुधा दुसऱ्यांकडे सोपवत. गाण्यांसाठी त्यांच्याकडे वेटूरी सुंदरराम मूर्तींसारखा कवी होता. महादेवन शब्द आधी मागत आणि त्यांना चाल लावत, त्यामुळे कवितेचा बाज गाण्यात शाबूत राहिला. महादेवन तमिळ, तेलुगूचे बारकावे सांभाळायला त्यांचे सहायक पुहळेंदी सोबत असत. बालसुब्रह्मण्यम यांनी शास्त्रीय संगीताची रीतसर तालीम घेतलेली नव्हती, तरी 'शंकराभरणम'चा विद्वान गायक त्यांच्या गळ्यातून उभा राहिला. कॅमेऱ्यामागे बालू महेंद्र होते, जे पुढे 'सदमा'चे दिग्दर्शक म्हणून हिंदी प्रेक्षकांना माहीत झाले. 'सिरिवेन्नेला' (१९८६) मधल्या आंधळ्या नायकाची बासरी हरिप्रसाद चौरसियांची. त्या चित्रपटाने सीताराम शास्त्री या नव्या गीतकाराला इतकी ओळख दिली की चित्रपटाचे नाव त्यांच्या नावापुढे कायमचे लागले. योग्य माणसे हेरायची, त्यांच्या कलेला वाव द्यायचा आणि सर्वांचे धागे पटकथेच्या एका गाठीत बांधायचे, यात विश्वनाथांची लेखणी दिसते.

वाणी जयराम यांच्यापाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. तमिळ घरातली ही गायिका लग्नानंतर मुंबईत आली, उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे हिंदुस्थानी संगीत शिकली. वसंत देसाई यांनी तिला 'गुड्डी'त गायला लावले आणि 'देव दीनाघरी धावला' या नाटकासाठी कुमार गंधर्वांबरोबर तिच्याकडून मराठी पद गाऊन घेतले. तोच आवाज 'शंकराभरणम'मध्ये ऐकू येतो आणि 'स्वाती किरणम'मध्ये एका लहान मुलाचा आवाज होऊन येतो. त्या चित्रपटासाठीही त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विश्वनाथ गेल्यावर दोनच दिवसांनी, ४ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्याही गेल्या.

विश्वनाथ हे परंपरेचे रक्षक, लोप पावणाऱ्या अभिजात कलांचे पुरस्कर्ते, असे सर्रास म्हटले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. चित्रपट एकापाठोपाठ एक पाहत गेले की लक्षात येते, कला टिकेल का, हा त्यांचा मुख्य प्रश्नच नव्हता. ती कुणाच्या हाती जाईल, हा होता. आणि या प्रश्नाचे त्यांचे उत्तर जवळपास प्रत्येक वेळी एकच आहे: ती अपेक्षित वारसाच्या हाती जाणार नाही. शंकरशास्त्रींना मुलगी आहे, पण त्यांच्या पायातले गंडपेंडेरम, म्हणजे विद्वत्तेचा तो मानाचा तोडा, जातो तुळशीच्या मुलाकडे. तुळशी कलावंतिणीची मुलगी, आणि तिचा मुलगा एका बलात्कारातून जन्मलेला. ज्या समाजाने या बाईला आसरा दिला म्हणून शास्त्रींना वाळीत टाकले, त्याच समाजासमोर मैफलीत तिच्या मुलाला वारस ठरवले जाते. 'सप्तपदी' (१९८१) मध्ये कर्मठ पुजारी आपल्या नातीला दलित बासरीवादकाच्या हाती सोपवतो. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. 'सागर संगमम'मध्ये अपयशी नर्तकाची विद्या जिच्याकडे जाते ती त्याची मुलगी नाही, आणि सुरुवातीला त्याच्याविषयी तिच्या मनात आदरही नाही.

या उत्तरामागे इतिहास आहे. तेलुगू प्रदेशात नृत्य आणि संगीत पिढ्यान्‌पिढ्या जपले ते कलावंतुलू समाजातल्या बायकांनी. विसाव्या शतकात सुधारणेच्या चळवळी आणि १९४७ चा मद्रास प्रांताचा देवदासी प्रतिबंधक कायदा आला. एक अन्यायकारी प्रथा संपली, पण त्याबरोबर या बायकांचे कलेतले स्थानही हिरावले गेले आणि कला उच्चवर्णीय घरांतल्या मुलींच्या शिकवणीत गेली. कुचिपुडी तर कृष्णा जिल्ह्यातल्या त्याच नावाच्या गावातल्या ब्राह्मण पुरुषांची परंपरा. स्त्रीभूमिकाही पुरुषच करत. वेंपटी चिन्न सत्यम यांच्यासारख्या गुरूंनी मद्रासमध्ये ती मुलींना मोठ्या प्रमाणावर शिकवली. मंजू भार्गवी त्यांचीच शिष्या. म्हणजे कलेचा वारसदार कोण, हा विश्वनाथांच्या तरुणपणी भोवतालच्या समाजात खरोखर चाललेला झगडा होता. त्यांनी त्याची कथा केली.

मराठी वाचकाला हा झगडा दुरून बघायची गरज नाही. उत्तरेतून आलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची गायकी ज्या शिष्यांनी शिखराला नेली, त्यांत गोव्याच्या कलावंत समाजातल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर होत्या. 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ च्या संगीत नाटकात विद्या द्यायची की दडवायची हाच पेच आहे. 'स्वाती किरणम' पाहताना 'कट्यार'ची आठवण अटळ आहे. मामूटीने साकारलेला अनंतराम शर्मा हा पूजनीय संगीतज्ञ आपल्याहून थोर प्रतिभेच्या कोवळ्या शिष्याचा द्वेष करतो, आणि तो मुलगा गुरूच्या मार्गातून कायमचा दूर होण्यासाठी मृत्यू पत्करतो. 'शंकराभरणम' आणि 'सागर संगमम'मध्ये गुरू मरतो आणि विद्या पुढे जाते. इथे शिष्य मरतो आणि विद्या अडते. आपणच उभारलेल्या गुरूच्या प्रतिमेवर विश्वनाथांनी बारा वर्षांनी घेतलेली ही सर्वांत कठोर हरकत आहे. माझ्या मते 'स्वाती किरणम' हा त्यांचा सर्वांत धीट चित्रपट आहे.

त्यांच्या कलाविषयक चित्रपटांच्या झोतात श्रमाविषयीचे चित्रपट झाकोळू नयेत. 'स्वयंकृषी' (१९८७) मध्ये चिरंजीवीने चांभार साकारला, तो त्याच्या लोकप्रियतेच्या ऐन भरात. 'शुभलेखा' (१९८२) हुंड्यावर बोलतो. 'स्वाती मुत्यम' (१९८६) मधला शिवय्या बुद्धीने पोरासारखा आहे. रामाच्या लग्नसोहळ्यात तो एका विधवेच्या गळ्यात मंगळसूत्र बांधतो आणि गावाची घडी विस्कटते. हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला होता. चामडे शिवणारा हात आणि वीणा वाजवणारा हात यांच्याकडे हा दिग्दर्शक सारख्याच आदराने बघतो. म्हणून 'स्वयंकृषी' आणि 'शंकराभरणम' ही मला एकाच विचाराची दोन रूपे वाटतात. आणि 'स्वर्णकमलम' (१९८८) मध्ये त्याने उलट बाजूही ऐकून घेतली. कुचिपुडी गुरूच्या घरातल्या मीनाक्षीला नाच नको आहे; त्याने पोट भरत नाही, तिला हॉटेलात नोकरी करायची आहे. भानुप्रियाने हा नकार इतक्या जिवंतपणे उभा केला की शेवटी तिने नृत्याकडे वळावे असे वाटत असतानाही तिचे म्हणणे खोडून काढता येत नाही.

विश्वनाथांवरचे आक्षेपही गंभीर आहेत आणि ते टाळून पुस्तक लिहिण्यात अर्थ नाही. 'सप्तपदी'मध्ये निर्णय अखेर ब्राह्मण आजोबा घेतात; बासरीवाल्या तरुणाला स्वतःचे म्हणणे फारसे नाही. खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाने स्वीकारले जाण्यासाठी आधी असामान्य कलावंत असावे लागते, असा अर्थ या चित्रपटातून निघू शकतो. तुळशीची भक्ती इतकी संपूर्ण आहे की ती स्वतःची कला बाजूला ठेवते आणि शेवटी शास्त्रींच्या पायाशीच प्राण सोडते. ती मैफलीत बसून का गात नाही, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. पाश्चात्त्य वळणाच्या संगीताला तो कधी कधी सवंग ठरवून मोकळा होतो. हे दोष खरे आहेत. तरीही मला वाटते, दार बंद असलेल्या घरात राहूनच त्या घराचे दार आतून उघडण्याचा प्रयत्न विश्वनाथांनी केला. दार पुरते उघडले नाही. पण लाखो प्रेक्षकांसमोर कडी काढली गेली, आणि हे काम उपदेशाने न करता सुरांनी केले.

आज हे पुस्तक का, याचे उत्तर सध्याच्या चित्रपटगृहांत आहे. 'बाहुबली' (२०१५, २०१७), 'आरआरआर' (२०२२) आणि 'पुष्पा' यांनी तेलुगू सिनेमा महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचवला. ज्या प्रेक्षकाला पूर्वी दक्षिणेचे सगळे चित्रपट सारखेच वाटत, तो आता तेलुगू नटांची नावे ओळखतो. ही मोठी गोष्ट आहे. पण त्यातून तेलुगू सिनेमा म्हणजे भव्य युद्धे, अंगावर येणारे नायक आणि कोट्यवधींचे गल्ले, अशी एकच प्रतिमा पक्की होते आहे. मार्च २०२३ मध्ये 'आरआरआर'च्या गाण्यासाठी ऑस्कर घेणारे एम. एम. कीरवाणी हे 'शुभसंकल्पम'चे संगीतकार होते, हे लक्षात घेतले की कळते: हा भव्य सिनेमा आणि तो शांत सिनेमा एकाच घरातले आहेत. एक पाहून दुसरा न पाहणे म्हणजे अर्धेच घर पाहणे.

दुसरे कारण अधिक तातडीचे आहे. हा सिनेमा घडवणारी पिढी जवळपास संपली आहे. जंध्याला आणि महादेवन २००१ मध्ये गेले, वेटूरी २०१० मध्ये, एडिद नागेश्वर राव २०१५ मध्ये, बालसुब्रह्मण्यम २०२० मध्ये, सीताराम शास्त्री २०२१ मध्ये. त्यांच्या कामाचे मर्म तेलुगूत लिहिले गेले आहे. शेजारच्या भाषांत ते फारसे आलेले नाही. भारतीय सिनेमाचा इतिहास आपण अजून मुंबईकडे तोंड करून वाचतो. गोदावरी नाशिकजवळ उगम पावून राजमहेंद्रीपुढे समुद्राला मिळते, त्या वाटेवर लाखो मराठी आणि तेलुगू माणसे शतकानुशतके ये-जा करत आली, तरी एकमेकांच्या कलेची ओळख आपल्याला बहुतेक वेळा हिंदीच्या मध्यस्थीने होते. ही मध्यस्थी टाळून थेट बोलण्याचा एक प्रयत्न म्हणूनही हे पुस्तक वाचावे.

या पुस्तकाने विश्वनाथांचे चरित्र होण्याचा प्रयत्न केलेला नाही, आणि पन्नासच्या वर चित्रपटांची जंत्री देण्याचाही नाही. निवडक चित्रपट जवळून पाहायचे, त्यांची पटकथा कशी बांधली आहे, गाणे कुठे सुरू होते आणि ते संपते तेव्हा पात्रांमध्ये काय बदललेले असते, हे तपासायचे, अशी इथली रीत आहे. तेलुगू मूळ आणि हिंदी आवृत्ती शेजारी ठेवून पाहिल्या आहेत. 'शंकराभरणम'चा 'सूर संगम' होताना गिरीश कार्नाड यांच्यासारखा नट आणि राजन-साजन मिश्रांसारखे गायक लाभूनही काय निसटले, आणि 'सिरि सिरि मुव्वा'चा 'सरगम' होताना लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी नवे काय आणले, याचा विचार त्यात आहे. कर्नाटक संगीत, कुचिपुडी, कलावंतुलू समाज आणि मद्रासहून हैदराबादला सरकलेला चित्रपट उद्योग, ही पार्श्वभूमी जिथे लागेल तिथे उलगडली आहे, जेणेकरून तेलुगू न जाणणाऱ्या वाचकाला अडखळावे लागू नये. विश्वनाथांवरचे प्रेम लपवलेले नाही आणि त्यांच्याशी असलेले मतभेदही झाकलेले नाहीत.

वाचकाला एक विनंती. पुस्तक वाचण्याआधी किंवा वाचता वाचता मूळ तेलुगू चित्रपट पाहा; भाषा येत नसेल तर उपशीर्षकांसह पाहा, पण हिंदीत नको. आणि प्रत्येक चित्रपटाला एकच प्रश्न विचारा: इथे विद्या कुणाकडे होती, आणि शेवटी कुणाकडे गेली? हा प्रश्न विश्वनाथांनी आंध्रातल्या एका पिढीला विचारला. महाराष्ट्रातल्या गायनशाळांना, नृत्याच्या वर्गांना, तमाशाच्या फडांना आणि कीर्तनाच्या पटांगणांना तो आजही तितकाच लागू आहे. कुणाला बसून शिकू द्यायचे आणि कुणाला दाराबाहेर उभे ठेवायचे, हे ज्या समाजाने विचारणे थांबवले, त्याची कला पुरस्कार मिळवत राहिली तरी वारसदारावाचून राहते. विश्वनाथांचे चित्रपट हे विचारणे थांबू देत नाहीत, आणि एका चित्रकर्त्याकडून याहून अधिक मागणे माझ्या मते शक्य नाही.